हिरडीटोल्याची तर्कशाळा कशी निघाली

हिरडीटोला, ता. गोरेगाव
बुधवार, सकाळी

तीर्थरूप केवळरामदादाले धाकट्या शामकलाचा वाकून नमस्कार. (धानाच्या रोवणीनं कंबर धरली आहे, म्हणून वाकणं मनातल्या मनात केलं, पोहोचलं असं समज.) वहिनीले नमस्कार सांग, तिच्या गुडघ्याले विचारलं म्हणून सांग. तुझा खोकला कसा आहे? अडुळसा घेऊन राहिला का बिडीच घेऊन राहिला? खरं लिहू नको, मले माहीत आहे. गाय व्याली असेल तर कालवड का गोऱ्हा ते कळव. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. म्हणजे जिवंत आहोत, बाकीचं खाली लिहिलं आहे.

तू म्हणशील, फोन सोडून पत्र काऊन लिहिलं. तुझा फोन लागते कधी? बॅटरी वाचावी म्हणून तू तो बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवतो अन बाजाराच्या दिवशी काढतो. बाजार होऊन गेला. पुढच्या बाजारापर्यंत थांबायले मले वेळ नाही, साडेअकराच्या बसच्या आत हे पत्र संपवायचं आहे. अक्षराले हसू नको. रेणू म्हणाली मी लिहून देते, पण जे लिहायचं ते तिच्याच सोयरीकीचं, मग तिच्या हातून कसं लिहायचं?

तर मुद्दा असा आहे दादा, की मी एक शाळा काढली. मुद्दाम नाही काढली. तोंडातून निघाली.

झालं असं की मृग लागायच्या अगोदर मुर्री गावचे पाहुणे रेणूले पाहायले आले. मध्यस्थ म्हणून आपला पानठेल्याचा भैय्यालाल होता. पोरगा ओमेश, बापाचं तांदळाचं दुकान आहे, घरची शेती आहे, गाडी हळू चालवते (हे मी स्वतः रस्त्यावर उभी राहून पाहिलं). रेणू सव्वीसची झाली. गोरेगावच्या लॅबमध्ये लोकायचं रक्त तपासते अन आतापर्यंत सात पोरायले नाही म्हणाली. दर वेळी कारण देते. कारण बी असं देते की मले पटते, म्हणून जास्त राग येते. या पोराले मात्र ती काहीच नाही बोलली. चहा देऊन आत आली अन उगाच गाळलेला चहा पुन्हा गाळत बसली. मी समजली. आई आहे, रक्त नाही तपासावं लागत.

पण त्या घरात चालते कोणाचं? ओमेशच्या मोठ्या काकाचं. बिसराम गुरुजी. लग्न केलं नाही, मास्तरकी केली, रिटायर झाल्यापासून आपल्या भागातल्या जुन्या विद्येचं पुस्तक लिहून राहिले. नऊ वर्षांत बारा पानं झाली. तेराव्या पानाले सामान नाही. असा माणूस भुकेल्या ढोरासारखा असते दादा, कोणाच्याही धानाच्या बांधीत तोंड घालते. पण हे मले मागाहून समजलं.

गुरुजीनं रेणूले विचारलं, 'मुली, सासू एक बोलली अन नवरा दुसरं बोलला, तर ऐकशील कोणाचं?' रेणू म्हणाली, 'ज्यानं कारण दिलं त्याचं.' 'अन दोघायनं कारण दिलं तर?' 'ज्याचं कारण टिकलं त्याचं.' 'अन कोणाचंच नाही टिकलं तर?' 'मग माझं.' ओमेश खाली मान घालून हसला. गुरुजीनं कप खाली ठेवला अन म्हणाले, वाह, ही तर तर्कबुद्धी आहे, घरात कोण शिकलेलं आहे? रेणूचे बाबा म्हणाले दहावी. मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं चौथी. तर म्हणाले, 'चौथी? मग पोरीले ही बुद्धी आली कुठून?' वाईट मनानं नाही म्हणाले. बियाणं कोणत्या दुकानातलं, असं विचारावं तसं विचारलं. पण रेणूनं खाली पाहिलं. दादा, ती पोट्टी अंगणवाडीत होती तेव्हापासून कोणासमोर खाली पाहत नाही. माझ्या डोस्क्यात काहीतरी सटकलं अन मी बोलून गेली, 'आमच्या गावात तर्काची शाळा आहे गुरुजी. चारशे वर्षं जुनी. मी तिथली.' तर्क हा शब्द मी दोन मिनिटं अगोदर पहिल्यांदा ऐकला होता.

गुरुजीनं थैलीतून वही काढली. वही पाहूनच मी गप बसायले पाहिजे होतं. स्थापना कोणी केली? मी म्हटलं धुरेबाबानं. (खिडकीतून दोन बांध्यायमधला मातीचा धुरा दिसत होता. मोहाचं झाड दिसलं असतं तर मोहबाबानं केली असती.) तेवढ्यात रेणूचे बाबा, जे अठ्ठावीस वर्षांत माझ्या मदतीले कधी धावून नाही आले, ते धावून आले अन म्हणाले, हो हो, सातशे वर्षं झाली. गुरुजीची पेन्सिल थांबली. चारशे का सातशे? शहाणा माणूस इथे चूक झाली म्हणते. रेणूचे बाबा म्हणाले, पहिली स्थापना सातशे, दुसरी चारशे. मग मधली तीनशे वर्षं? बंद होती. काऊन बंद होती? 'शाळा चालू आहे असं कोणाले सिद्ध करता नाही आलं.' दादा, मी या माणसासोबत एवढी वर्षं संसार केला, याच्या डोस्क्यात एवढी जागा आहे हे मले माहीत नव्हतं. आजपर्यंत रिकामीच ठेवली होती.

तिथून गाडी उताराले लागली. धुरेबाबानं पहिला वाद घातला तो खेकड्याच्या बिळाचा (हा मी घातला). धुऱ्याले भोक पडलं, बांधीतलं पाणी गेलं. आता खेकडा होता म्हणून बीळ झालं, का बीळ होतं म्हणून खेकडा आला? अकरा वर्षं वाद चालला. अकराव्या वर्षी खेकड्याले साक्षीले बोलावलं. तो आडवा आला अन आडवाच गेला, दोन्हीकडचे म्हणाले आमच्या बाजूनं गेला. तेव्हापासून शाळेच्या दोन शाखा झाल्या, खेकडेवाले अन बीळवाले, अन दोघायच्यात रोटीबेटी बंद. गुरुजीनं विचारलं, तुम्ही कोणत्या? मी म्हटलं खेकडेवाले, अन त्याच दमात रेणूचे बाबा म्हणाले बीळवाले. वाटलं, फुटलं आता. गुरुजी आम्हा दोघायकडे पाहतच राहिले. म्हणाले, 'मतलब, त्या काळात तुम्ही एवढी हिंमत केली?' अशा नजरेनं पाहिलं की मलेच क्षणभर वाटलं, आपण घरच्यायच्या विरोधात जाऊन लग्न केलं. (लग्न तूच ठरवलं होतं, बैल पाहायले गेला होता तेव्हा. बैल नाही पटला, जवाई पटला.)

मग भैय्यालालले राहवलं नाही. त्यानं राजा आणला. एक राजा हत्तीवर बसून शाळेले हरवायले आला. कोणता राजा ते भैय्यालालले नाही सुचलं, म्हणून नाव घ्यायची मनाई आहे म्हणाला. शाळेनं राजाले विचारलं, गावात यायची वाट एकच, तीही बैलबंडीपुरती, मग हत्ती आला कसा? येऊच नाही शकत. म्हणजे आलेलाच नाही. राजानं तीन दिवस विचार केला, त्याले पटलं, अन नसलेल्या हत्तीवर बसायचं कसं म्हणून पायी घरी गेला. हत्ती गावातच राहिला. गुरुजीनं विचारलं, कुठे राहिला? भैय्यालालनं हात केला तो थेट माझ्या कपडे धुवायच्या दगडाकडे. म्हणे हत्ती याच दगडाले बांधत. झालं. गुरुजीनं दगडाले टेप लावला, चारही बाजूनं फोटो काढले, हळदकुंकू वाहिलं. आता गावातल्या बाया गुरुवारी तिथे नारळ फोडतात अन मी ढोरायच्या टाक्यावर कपडे धुते. त्या बायायले सगळं माहीत आहे बरं, दगड रेणूच्या बाबानं नदीतून आणला तेव्हा बंडी ढकलायले त्यायचेच नवरे होते. विचारलं तर म्हणतात, असू दे ना बाई, नारळ काही वाया नाही जात.

ग्रंथ कुठे आहेत? ग्रंथ उधळीनं, वाळवीनं खाल्ले. म्हणून मागचं वारूळ हेच आता शाळेचं ग्रंथालय. गुरुजीनं वारुळाले हात जोडले. एक पोथी तेवढी वाचली म्हणून रेणूचे बाबा आतून तेंदूपत्त्याचा पुडा घेऊन आले, मागच्या उन्हाळ्यात ठेकेदारानं खरेदीच्या फडीवरून खराब म्हणून परत केलेला. गुरुजीनं एकेक पान उलटून पाहिलं. सगळी कोरी. चष्मा काढला, डोळे पुसले अन म्हणाले, 'एकही अक्षर नाही. किती पुढे गेले होते हे लोक.'

उठताना म्हणाले, शाळा डोळ्यानं पाहतो, मग साक्षगंधाची बोलणी करू. आखाडी पुनवेनंतर येतो.

आता तूच सांग, आखाडीनंतर इथे कोणाले डोस्कं वर करायची फुरसत असते का? आम्ही ठरवलं होतं की ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत पाच म्हातारे धोतर नेसवून बसवू, भैय्यालाल पाटी रंगवेल, एक तासात गुरुजीले रवाना करू. गुरुजी आठ दिवस आधी आले. मी चौदा बायायसोबत बांधीत, गुडघ्याएवढ्या चिखलात, धानाच्या रोपायचे पऱ्हे हातात. गुरुजी धुऱ्यावर छत्री धरून उभे. विचारतात, बाई, तर्कशाळा कुठे आहे? मी खाली वाकून पऱ्हे रोवतच राहिली. पण आमच्या रोवणीची म्होरकी नंदाबाई आहे, तुले माहीत आहे, तिची जीभ तिच्या दोन पावलं पुढे असते. तिनं मान बी वर नाही केली. 'तुमच्या पायाखाली आहे. चप्पल काढा.'

गुरुजीनं चप्पल काढली. मग विचारलं, तुम्ही साऱ्या उलट्या कायले चालता? नंदाबाई म्हणाली, 'सुलट्या चाललो तर रोवलेलंच तुडवू ना गुरुजी. अन उलटं चाललं की झालेलं समोर दिसते. पुढचं कोणाले दिसते? आमच्या शाळेत असंच आहे. आधी काय ठरलं ते सांगायचं, मग कारण शोधत मागे मागे जायचं.' दादा, ती हे ओळ न सोडता बोलली, हात चालूच होते. गुरुजी धुऱ्यावर मटकन बसले. म्हणाले, साऱ्या जगातले तर्कवाले आधी कारण देतात अन मग निष्कर्षाले पोहोचतात, इथे निष्कर्ष आधी. हे कोणाले सुचलंच नाही. नंदाबाई म्हणाली, कोणाले नाही कसं, आमच्या घरी सासूले सुचलं होतं.

तेवढ्यात बायायचं भांडण लागलं. ते रोजच लागते. एक म्हणाली, तुझी ओळ वाकडी आहे. दुसरी म्हणाली, ओळ सरळ आहे, बांधी वाकडी आहे. 'बांधी वाकडी तर माझी ओळ कशी सरळ?' 'तूच वाकडी आहेस म्हणून तुले सरळ दिसते.' 'मग मी सरळ झाली तर?' 'आधी होऊन दाखव.' गुरुजी हे सारं शास्त्रार्थ म्हणून लिहून घेऊन राहिले. दोन वेळा म्हणाले, जरा हळू वाद घाला. मग पायजमा वर केला अन चिखलात उतरले. त्यायले उलटं चालून पाहायचं होतं. चौथ्या पावलाले बसले. वही तेवढी वर धरली होती. बसल्या जागी विचारतात, 'मी पडलो का?' नंदाबाई म्हणाली, आधी पडलो म्हणा, मग काऊन पडलो ते शोधू. तेही लिहिलं.

त्या दिवशी दोन बांध्यायचं रोवणं राहिलं. आज चार दिवस झाले, गुरुजी आमच्या छपरीत मुक्कामाले आहेत. माणूस वाईट नाही. ताट स्वतः उचलते, ढोरायले पाणी दाखवते, वहिनीच्या हातच्या लोणच्याले चांगलं म्हणाले (तू मागे पाठवलेलं, संपलं). पण चहा दिला तर विचारतात, हा चहाच कशावरून? मी म्हटलं, पिऊन पाहा, नसेल तर थुंका. तेही वहीत गेलं. रेणूच्या बाबायनं तर काम सोडलं. गुरुजीसमोर मांडी घालून बसतात अन मी पाणी सोडायले बोलावलं तर म्हणतात, मी बोलावला गेलो हे आधी ठरू दे. नंदाबाई आता स्वतःले अध्यापिका म्हणते अन नव्या बायायले पऱ्हे देण्याच्या आधी प्रश्न विचारते.

मले वाटलं, चला, पोरीचं तर होऊन राहिलं. पण पोरगी माझी आहे ना. परवा लॅबमधून आली, तोंडाचा रुमाल बी नाही सोडला, गुरुजीसमोर उभी राहिली अन म्हणाली, 'गुरुजी, शाळा नाही. आईनं फेकली, बाबायनं वाढवली, भैय्यालालकाकानं हत्ती घातला. मले खोट्यावर सोयरीक नको.' गुरुजी तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहून राहिले. मग विचारतात, 'अन हे तू कोणत्या शाखेकडून बोलून राहिली?' दादा, तिसरी शाखा निघाली. शाळा नाही असं म्हणणारी शाळेतलीच शाखा. तिचं नाव नास्तिशाखा. रेणू तिची पहिली आचार्या. ती पाय आपटत आत गेली तर गुरुजी म्हणाले, पाहा, उत्तर बी देत नाही, किती पक्की आहे.

मग मी गेली. चुलीवरची भाजी उतरवून गेली. म्हटलं, गुरुजी, देवाशपथ, मी खोटं बोलली. गुरुजी म्हणाले, 'खोटं बोलली, हे खरं कशावरून?' माझ्या हातात पळी होती दादा. मी ती आपल्या हातानं खाली ठेवली.

आता तुझ्यापर्यंत येते. गुरुजीनं काल विचारलं, शाळेतल्या पोरीचं लग्न कोणाच्या होकारानं ठरते? आमचे हे, दोन दिवसांचा वेळ मिळावा म्हणून, म्हणाले मोठ्या आचार्याच्या. ते कुठे असतात? देवरीकडे, जंगलाच्या कडेले. नाव? अन यायले जगात दुसरं नाव नाही सुचलं, तुझंच सुचलं. केवळराम आचार्य. बारा वर्षांपासून मौनात. (फोन नाही उचलत, हे मौनच आहे म्हणतात.) तुले न विचारता तुझं नाव घेतलं, राग मानू नको. मी त्यायच्याशी कालपासून बोलत नाही, पण त्यायले ते बी मौन वाटून राहिलं, म्हणून पुन्हा बोलायले लागली.

तर इकडचं हे असं आहे. आणखी काय लिहू? मोठ्यायले नमस्कार, लहानायले आशीर्वाद, शेजाऱ्यायले काही सांगू नको.

तुझी बहीण
शामकला

ता. क. हे पत्र तुले ज्यानं आणून दिलं तो माणूस पोस्टमन नाही. तेच बिसराम गुरुजी आहेत. शिष्याच्या हातचं पत्र असल्याशिवाय आचार्य भेटत नाहीत, असं रेणूच्या बाबायनं सांगून टाकलं, म्हणून तासाभरापासून थैली भरून माझ्या अंगणात बाजेवर बसले आहेत. माझं एक पान भरलं की दारातून डोकावतात अन मान हलवतात. त्यायले वाटते मी काही मोठं शास्त्र लिहून राहिली. पाकीट भाताच्या शितानं चिकटवते. तू वाचताना तोंड असं ठेव की सोसायटीच्या कर्जाची नोटीस वाचून राहिला. हसू आलं तर गोठ्यात जा.

दुसरा ता. क. आता खरं काम सांगते, ज्याच्यासाठी हे सारं लिहिलं. तू आचार्य व्हायचं नाही. तू त्यायले खरं सांगायचं आहे. रेणूनं काल रात्री मले बसवून सांगतलं, 'आई, गुरुजीले खरं काय ते पटल्याशिवाय मी साक्षगंधाले नाही बसत. उद्या त्या घरात माझ्या हातून भाजीत मीठ जास्त झालं, तरी म्हणतील, हे बी तुमच्या शाळेसारखंच. जन्मभर.' अन तिले तो पोरगा पाहिजे आहे दादा, हे ती बोलली नाही, पण मले दिसते. ओमेशनं बी काकाले फोनवर सांगून पाहिलं, तर म्हणतात, तोही नास्तिशाखेत गेला. आता गुरुजी कोणाचं ऐकतील? फक्त मोठ्या आचार्याचं. म्हणजे तुझं. तू म्हटलं शाळा नाही, तर ते मानतील. पण मानतील ते तू आचार्य आहे म्हणून. अन शाळाच नसेल तर तू आचार्य कायचा? अन तू आचार्य नसशील तर तुझं कायले मानतील? इथे येऊन माझं डोस्कं थांबलं. रात्रभर हेच करून राहिली. तू लहानपणी आईले बकरी मेल्याची बातमी अशी दिली होती की आई रडली नाही, तुलेच जेवायले वाढलं. तसं काहीतरी कर. माझ्याच्यानं गोड बोलणं होत नाही. म्हाताऱ्याचं पुस्तक बी बुडणार आहे, त्याचं मले वाईट वाटून राहिलं, ते वेगळंच.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायचंच राहिलं, म्हणून आणखी लिहिते. साडेअकराची बस गेली. गुरुजी बसमध्ये नाहीत.

रेणू ड्युटीवर निघाली होती. माझ्या हातून पत्र घेतलं, उभ्यानंच वाचलं. मले वाटलं आता माझी धुलाई. ती पत्र घेऊन सरळ अंगणात गेली, बाजेसमोर पाट टाकून बसली अन गुरुजीले पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. सगळं वाचलं. कंसातलं बी वाचलं. भुकेल्या ढोराचं बी वाचलं. मी दाराआड उभी, जमीन फाटली तर बरं अशी. रेणूचे बाबा वारुळामागे गेले अन अजून तिकडेच आहेत.

गुरुजीनं वहीतली शाळेची पानं उलटून पाहिली. मग माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, 'हत्ती?' मी म्हटलं, नाही गुरुजी. 'खेकडा?' मी म्हटलं, खेकडा आहे, पण तो वाद नाही घालत. त्यायनं वही मिटली. रेणू म्हणाली, 'आता तुमचं नाही असेल तर तसं सांगा गुरुजी, मी ऐकून मग ड्युटीवर जाते.' आवाज हलला नाही तिचा. पत्राची घडी घालून मांडीवर ठेवली.

गुरुजी म्हणाले, 'तू सांगतलं, तुझ्या आईनं सांगतलं, मी नाही ऐकलं. मले तेरावं पान पाहिजे होतं.' मग पत्र मागून घेतलं, उलटून पालटून पाहिलं, वास बी घेतला. म्हणाले, नऊ वर्षं लोकायच्या घरी जुने कागद शोधले, जे सापडलं ते सारं आपलाच मोठेपणा सांगणारं. आपलं खोटं आपल्याच हातानं लिहिलेला कागद आज पहिल्यांदा पाहिला. बहीण भावाले लिहिते तेव्हा तिले फसवून काय मिळते? हा अस्सल आहे. तर दादा, माझं पत्र तेराव्या पानावर जाऊन राहिलं. वाचून चुलीत घालू नको, गुरुजीले झेरॉक्स पाहिजे. ढोराचं वाक्य गाळा म्हटलं तर म्हणाले, तेच तर ठेवायचं आहे.

मग मले म्हणाले, 'बाई, पोरीसमोर तिच्या आईचं शिक्षण मी तसं विचारायले नको होतं.' मी म्हटलं, नको होतं. ते म्हणाले, हो. एवढंच. त्याच्यात काही वाद नाही झाला.

साक्षगंध राखीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. रेणूनं हो म्हटलं अन कारण नाही दिलं, मी बी नाही मागितलं. ती अर्धा तास उशिरा लॅबमध्ये गेली. गुरुजी तुझ्याकडे तरीही येऊन राहिले, तीनच्या बसनं. म्हणतात, आचार्य नसले तर नसू देत, मुलीचे मामा तर आहेत, मामाच्या होकाराशिवाय कुठे लग्न होते? तेव्हा तू मामासारखा बस, शर्टाच्या गुंड्या लाव, अन बिडी बाजूले ठेव. जे विचारतील त्याचं खरं सांग, पण थोडं सांग. अन त्यायले शुगर आहे, चहा फिका दे. हे खरं आहे, मी बनवलेलं नाही.